कॉफीफाँटेनचे दोन कैदी

दक्षिण आफ्रिकेच्या ‘बॉस’ या गुप्तहेर संस्थेवर लिहिणारे बहुतेक जण १९६९ पासून सुरुवात करतात, कारण कागदोपत्री ती त्या वर्षी जन्मली. मला ती गोष्ट पार महायुद्धाच्या काळात, फ्री स्टेट प्रांतातल्या कॉफीफाँटेन नावाच्या आडगावात सुरू झालेली दिसते. दक्षिण आफ्रिका ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरली होती आणि अनेक आफ्रिकानरांना, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्यांना, ते मुळीच पटलं नव्हतं. बोअर युद्धात ब्रिटिशांनी त्यांची शेतं-घरं जाळली होती, बायकापोरांना छावण्यांत कोंडलं होतं. त्या जखमा अजून ओल्या होत्या. ‘ओसेव्हाब्रांडवाख’ नावाची त्यांची संघटना तर उघडउघड हिटलरच्या विजयाकडे डोळे लावून बसली होती. पंतप्रधान यान स्मट्सच्या सरकारने तिच्या कित्येक लोकांना, खटलाबिटला न चालवता, उचलून कॉफीफाँटेनच्या छावणीत टाकलं. त्यांत जॉन व्होर्स्टर हा तरुण वकील होता आणि हेंड्रिक व्हॅन डेन बर्ग हा सहा फुटांहून बराच उंच असा पोलीस खात्यातला माणूस होता. काटेरी कुंपणाआड त्यांची गट्टी जमली, ती पुढे आयुष्यभर टिकली.

बॉसचा सगळा इतिहास या दोस्तीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती एका राष्ट्राची संस्था म्हणून वाढलीच नाही. एका पंतप्रधानाने आपल्या एका विश्वासू मित्राच्या हाती दिलेलं ते हत्यार होतं. तिचं बळ त्यात होतं आणि तिचा शेवटही त्यातूनच झाला.

१९४८ मध्ये आफ्रिकानरांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि कालचे राजद्रोही आजचे राज्यकर्ते झाले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे काळ्यांवर लादलेल्या ओळखपत्राच्या, म्हणजे ‘पास’च्या, सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ माणसं मेली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, पाठोपाठ तिची सशस्त्र शाखा उभी राहिली. १९६१ मध्ये व्होर्स्टर न्यायमंत्री झाला आणि १९६३ मध्ये त्याने आपल्या जुन्या सोबत्याला पोलिसांच्या सुरक्षा शाखेच्या प्रमुखपदी बसवलं. त्याच वर्षी नव्वद दिवसांचा कायदा आला. कुणाही संशयिताला वॉरंटाशिवाय उचलायचं, वकील नाही, न्यायालय नाही, नव्वद दिवस नुसतं विचारत राहायचं. खटल्याविना डांबून ठेवण्याची चव ज्यांनी स्वतः घेतली होती, त्याच दोघांनी ती व्यवस्था आणखी धारदार करून दुसऱ्यांवर चालवली. संसदेत या कायद्याविरुद्ध मत एकच पडलं, हेलन सुझमन या बाईंचं. मुख्य विरोधी पक्षसुद्धा सरकारबरोबर गेला.

नव्वद दिवस म्हणजे नव्वदच, अशी कुणाची समजूत असेल तर त्याने रूथ फर्स्ट यांचा अनुभव वाचावा. या पत्रकार बाईंना ऑगस्ट १९६३ मध्ये पकडलं. एकांतकोठडीत नव्वद दिवस भरल्यावर त्यांना सुटका झाल्याचं सांगण्यात आलं. बाई बाहेर आल्या, घरी कळवावं म्हणून फोनकडे वळल्या आणि तिथेच पोलिसांनी त्यांना पुन्हा अटक केली. मुदत नव्याने सुरू. एकूण ११७ दिवस त्या आत होत्या आणि पुढे त्यांनी याच आकड्याच्या नावाने पुस्तक लिहिलं.

११ जुलै १९६३ रोजी जोहान्सबर्गजवळच्या रिव्होनियातल्या लिलीजलीफ फार्मवर छापा पडला आणि वॉल्टर सिसुलू, गोव्हन म्बेकी, अहमद कथ्राडा यांच्यासह भूमिगत चळवळीचं नेतृत्वच पोलिसांच्या हाती लागलं. आधीपासून तुरुंगात असलेल्या मंडेलांना यातून उभ्या राहिलेल्या रिव्होनिया खटल्यात गोवून जन्मठेप झाली. व्हॅन डेन बर्गची कीर्ती इथून वाढली. पण त्याला ठाऊक होतं, छापे घालून चळवळ मोडता येते, तिच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. म्हणून त्याने सुरक्षा शाखेच्या आडोशाने ‘रिपब्लिकन इंटेलिजन्स’ नावाचं एक छुपं पथक उभारलं होतं. त्यातली माणसं पोलीस म्हणून कुठेच दिसायची नाहीत. कुणी विद्यार्थी, कुणी वार्ताहर.

त्यातला सर्वांत गाजलेला मोहरा म्हणजे जेरार्ड लुडी. हा गोरा तरुण विद्यापीठात डाव्या वर्तुळात शिरला, पत्रकार झाला, बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या गटात पोचला, मॉस्कोलाही जाऊन आला. बैठकांना बसायचा, चहा प्यायचा, घरी जाऊन टिपणं लिहायचा. १९६४ च्या अखेरीस ब्रॅम फिशर आणि त्यांच्या साथीदारांवर खटला सुरू झाला, तेव्हा हा ‘कॉम्रेड’ सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. फिशर कुणी ऐरेगैरे नव्हते. आजोबा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान, वडील न्यायाधीश, स्वतः रिव्होनिया खटल्यात मंडेलांचे वकील. अस्सल आफ्रिकानर घराण्यातला माणूस काळ्यांच्या बाजूने उभा राहतो, हे व्होर्स्टर मंडळींना फार झोंबलं होतं. जामिनावर असताना फिशर वेषांतर करून भूमिगत झाले, दहा महिन्यांनी सापडले, जन्मठेप झाली. कर्करोग झाला तरी त्यांना अगदी शेवटीच तुरुंगाबाहेर काढलं. १९७५ मध्ये ते गेले.

सप्टेंबर १९६६ मध्ये पंतप्रधान व्हेरवूर्ट यांना संसदेच्या सभागृहातच भोसकून मारलं गेलं आणि आठवड्याभरात व्होर्स्टर पंतप्रधान झाला. आता मित्राला पोलीस खात्यात ठेवणं सोयीचं नव्हतं. त्याला थेट आपल्या हाताखाली आणायचं होतं.

या सुमाराला एक क्रिकेटचं प्रकरण घडलं. मूळ केपटाऊनचा आणि तिथल्या कायद्याने ‘कलर्ड’ ठरलेला बेसिल डि’ऑलिव्हेरा इंग्लंडकडून खेळत होता. १९६८ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला जायचा होता. डि’ऑलिव्हेराने दौऱ्यासाठी आपण उपलब्ध नाही असं सांगावं म्हणून एका तंबाखू कंपनीच्या माणसाने त्याला प्रशिक्षकपदाची भरगच्च पगाराची नोकरी देऊ केली. त्याने ती घेतली नाही, उलट ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा ठोकल्या. तरी निवड समितीने त्याला आधी वगळलं. मग टॉम कार्टराइटने माघार घेतली आणि डि’ऑलिव्हेराचं नाव आलं. दुसऱ्याच दिवशी ब्लूमफाँटेनच्या सभेत व्होर्स्टर गरजला की हा संघ क्रिकेट मंडळाचा उरला नसून वर्णभेदविरोधी चळवळीचा आहे. दौरा रद्द झाला. त्या दिवसापासून क्रीडाबहिष्कार हा प्रिटोरियाच्या डोकेदुखीचा विषय झाला आणि त्यामुळे लंडन हे तिच्या हेरांचं महत्त्वाचं ठिकाण बनलं.

१९६९ मध्ये ‘ब्यूरो फॉर स्टेट सिक्युरिटी’ स्थापन झाला. वृत्तपत्रांनी त्याला ‘बॉस’ केलं. प्रमुख अर्थातच जनरल व्हॅन डेन बर्ग, आणि तो जबाबदार फक्त पंतप्रधानाला. संस्थेच्या पैशासाठी वेगळा गुप्त खातेनिधी उघडला, त्यावर नेहमीसारखं लेखापरीक्षण नाही. पण खरी मेख त्याच वर्षी दुरुस्त केलेल्या कायद्याच्या एका कलमात होती. न्यायालयात एखादा साक्षीदार काही सांगू लागला किंवा एखादा कागद मागवला गेला, आणि ते उघड होणं राज्याच्या सुरक्षेला बाधक आहे असा दाखला पंतप्रधानाने, मंत्र्याने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने लिहून दिला, की साक्ष तिथेच थांबायची. दाखला खरा की खोटा हे तपासायचा अधिकार न्यायाधीशाला नाही. आरोपीने ‘मी निर्दोष आहे’ असं सिद्ध करायचा कागद हाच असला तरी नाही. वकील खवळले, वृत्तपत्रं खवळली, एरवी सरकारच्या पाठीशी असणारे कायदेपंडितही कुरकुरले. गंमत म्हणजे सर्वांत जास्त धास्ती बसली ती व्होर्स्टरच्याच पक्षातून फुटू घातलेल्या अतिकडव्या उजव्यांना. हे कान आपल्याही भिंतींना लागणार हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

टीका वाढली तशी न्यायमूर्ती पॉटगीटर यांचा आयोग नेमला. त्याच्या शिफारशींतून १९७२ चा कायदा आला, राज्य सुरक्षा परिषद निर्माण झाली. टपाल फोडायला आणि टेलिफोन ऐकायला त्याच वर्षी रीतसर कायद्याचा आधार मिळाला. तोवर ते चालू नव्हतं असं मात्र कुणी समजू नये.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण बॉसवरच्या लेखनात तो सारखा पुसला जातो. बॉसला अटकेचे अधिकार नव्हते. माणसं पकडणं, कोंडणं, मारहाण करणं हे पोलिसांच्या सुरक्षा शाखेचं काम होतं. ऑक्टोबर १९७१ मध्ये अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा शिक्षक जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेला. हो, इमारतीला नाव पंतप्रधानाचंच होतं, तेही तो हयात असताना. तिमोलने उडी मारली, असं १९७२ च्या न्यायालयीन चौकशीने ठरवलं. कुटुंबीयांनी पिच्छा सोडला नाही. २०१७ मध्ये चौकशी पुन्हा उघडली गेली आणि न्यायमूर्ती बिली मोथले यांनी तिमोलचा छळ झाला होता, त्याला ढकलण्यात आलं होतं असा निर्णय दिला. सप्टेंबर १९७७ मध्ये काळ्यांच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको कोठडीतल्या मारहाणीने मेले, तेही सुरक्षा शाखेच्या हातून. बॉसचा वाटा माहिती गोळा करण्याचा होता, कुणावर नजर ठेवायची हे सांगण्याचा होता. परदेशांतली कामगिरीही तिची. पण सामान्य काळ्या माणसाला दोन्ही एकच. त्याला दार तोडून आत येणाऱ्याचं खातं कुठलं याच्याशी काय देणंघेणं?

लंडनकडे वळू. तिथे निर्वासितांच्या संघटना होत्या, वर्णभेदविरोधी चळवळीचं कार्यालय होतं. त्यांच्या कार्यालयांत रहस्यमय घरफोड्या व्हायच्या, ज्यात पैसे तसेच राहायचे आणि कागदपत्रं गायब व्हायची. प्रिटोरियाहून कुटुंबासह निर्वासित झालेला पीटर हेन हा तरुण १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट दौरा हाणून पाडणाऱ्या आंदोलनाचा चेहरा होता. १९७२ मध्ये त्याच्या घरी पाकिटात बॉम्ब आला. सुदैवाने तो फुटला नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्याहून विचित्र प्रकार झाला. पटनीतल्या एका बँकेतून कुणीतरी ४९० पौंड हिसकावून पळाला, काही शाळकरी पोरांनी त्याचा पाठलाग केला, आणि थोड्या वेळाने टाइपरायटरची रिबन आणायला बाहेर पडलेल्या हेनला पाहून ‘हाच तो’ असं त्यांनी सांगितलं. देशभर गाजलेला राजकीय कार्यकर्ता घराजवळच्या बँकेत भरदिवसा, चेहरा न झाकता चोरी करेल, हे कुणालाही चमत्कारिक वाटावं. तरी खटला ओल्ड बेलीपर्यंत गेला आणि एप्रिल १९७६ मध्ये हेन निर्दोष सुटला. पुढे तो ब्रिटनचा मंत्री झाला.

चोरी बॉसने हेनसारखा दिसणारा आपलाच माणूस शोधून त्याच्याकडून करवली, असं सांगणारा साक्षीदार नंतर पुढे आला. त्याचं नाव गॉर्डन विंटर. ब्रिटिश वंशाचा हा पत्रकार वर्षानुवर्षं बॉससाठी काम करत होता. बातमी मिळवायच्या निमित्ताने कुणाच्याही घरी जायचा, फोटो काढायचा आणि प्रती वर पाठवायचा. १९७९ मध्ये तो देशाबाहेर पळाला आणि १९८१ मध्ये ‘इनसाइड बॉस’ हे जाडजूड पुस्तक त्याने प्रसिद्ध केलं. विरोधकांना संपवण्यासाठी बॉसकडे ‘झेड स्क्वॉड’ नावाची टोळी होती, १९७४ मध्ये बोट्स्वानात पार्सल बॉम्बने मारला गेलेला विद्यार्थी नेता आब्राम टिरो हा तिचाच बळी, असेही दावे त्यात आहेत. पुस्तक वाचायला झकास आहे. पण आयुष्यभर खोटं बोलायचा पगार घेतलेला माणूस पुस्तक लिहिताना एकदम खरं बोलू लागतो, यावर विश्वास ठेवायला मी तरी तयार नाही. त्याचं काही नक्कीच खरं आहे. कुठलं, हा प्रश्न आहे.

बॉसच्या नावाचा दबदबा तिच्या कामगिरीपेक्षा मोठा होता, याचा उत्तम दाखला खुद्द ब्रिटनच्या पंतप्रधानाने दिला. १९७६ मध्ये लिबरल नेते जेरेमी थॉर्प एका लैंगिक भानगडीच्या आरोपाने अडचणीत आले. हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत सांगून टाकलं की यामागे दक्षिण आफ्रिकेचा हात आहे. दोन पत्रकार तो धागा धरून निघाले आणि फिरून थॉर्प यांच्याच दारी पोचले. भानगड मूळची खरी होती. प्रिटोरियात व्हॅन डेन बर्गला मात्र फुकटची जाहिरात मिळाली.

मायदेशी हा माणूस तेव्हा फक्त हेरप्रमुख उरला नव्हता. व्होर्स्टरचा तो खासगी राजदूत झाला होता. काळ्या आफ्रिकेशी जुळवून घ्यायच्या धोरणासाठी तो आयव्हरी कोस्ट, झांबिया अशा देशांत गुपचूप जाऊन यायचा. २५ ऑगस्ट १९७५ रोजी व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावर दक्षिण आफ्रिकन रेल्वेचा एक डबा उभा करण्यात आला, अशा बेताने की ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारचा पंतप्रधान इयन स्मिथ आपल्या हद्दीत बसेल आणि काळे राष्ट्रवादी नेते झांबियाच्या हद्दीत. व्होर्स्टर आणि झांबियाचे केनेथ काउंडा मध्यस्थ. बोलणी एका दिवसात फिसकटली.

दोनच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फौजा अंगोलात घुसल्या आणि गुप्त मुत्सद्देगिरीने कमावलेलं सगळं धुळीला मिळालं. मोहीम मुख्यतः संरक्षणमंत्री पी. डब्ल्यू. बोथा आणि त्याच्या लष्कराची. सरळ फौजा घुसवण्याबद्दल बॉसला शंका होत्या. अमेरिकेने ऐनवेळी हात आखडता घेतला आणि मार्च १९७६ मध्ये सैन्य परतलं. लष्करी हेरखातं आणि बॉस यांच्यातली जुनी तेढ इथे वैरात बदलली.

आणि मग १६ जून १९७६. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि महिनोन्‌महिने देश पेटत राहिला. सरकारने नेमलेल्या सिलिए आयोगाने ५७५ मृत्यू मोजले. लंडनमधल्या कार्यालयांतले कागद ज्यांना मिळत होते, त्यांच्या राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर शाळेच्या वर्गांत काय शिजतंय याची सरकारला खबर नव्हती. मला तरी हे बॉसचं सर्वांत मोठं अपयश वाटतं. खबरे पेरले होते ते संघटनांत. सोवेटोच्या मुलांना अजून संघटना म्हणावी असं काही नव्हतं.

संस्था बुडाली ती मात्र पैशाच्या भानगडीत. माहितीमंत्री कॉनी मल्डर, त्याचा सचिव एशेल ऱ्होडी आणि व्हॅन डेन बर्ग या त्रिकुटाने व्होर्स्टरच्या संमतीने जगभर गुप्त प्रचारमोहीम चालवली होती. त्यासाठी संरक्षण खात्याच्या गुप्त निधीतून सुमारे ६.४ कोटी रँड वळवले गेले. अमेरिकेत ‘वॉशिंग्टन स्टार’ विकत घ्यायचा प्रयत्न झाला, देशात लुई लाइट या खतांच्या कारखानदाराला पुढे करून ‘द सिटिझन’ हे इंग्रजी दैनिक १९७६ मध्ये काढलं गेलं. सिटिझनमागे सरकारी पैसा नाही, असं मल्डरने मे १९७८ मध्ये संसदेत छातीठोकपणे सांगितलं. तेच त्याला भोवलं. ‘रँड डेली मेल’ आणि ‘संडे एक्सप्रेस’च्या बातमीदारांनी एकेक धागा सोडवत आणला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती अँटन मोस्टर्ट यांनी चौकशीत आपल्यापुढे झालेल्या साक्षी सरळ पत्रकारांपुढे ठेवल्या. लोक त्याला ‘मल्डरगेट’ म्हणू लागले.

दरम्यान सप्टेंबर १९७८ मध्ये व्होर्स्टरने प्रकृतीचं कारण देत पंतप्रधानपद सोडलं होतं आणि पाठोपाठ तो राष्ट्राध्यक्ष झाला होता. वारस व्हायला मल्डर निघाला होता, झाला बोथा. त्याच वर्षी व्हॅन डेन बर्ग निवृत्त झाला. या भानगडीच्या चौकशीसाठी नेमलेल्या इरॅस्मस आयोगापुढे त्याची साक्ष झाली, तेव्हा त्याने ऐटीत सांगितलं की मी ठार मारा म्हटलं तर मारणारी पुरेशी माणसं माझ्याकडे आहेत, मग समोरचा कितीही मोठा असो. आयोगाच्या सदस्यांना ते ऐकून काय वाटलं असेल! जून १९७९ मध्ये आयोगाच्या अंतिम अहवालाने व्होर्स्टरला सगळं ठाऊक होतं असं म्हटलं आणि त्याला राष्ट्राध्यक्षपदही सोडावं लागलं. व्हॅन डेन बर्ग ब्रोंकहॉर्स्टस्प्रेटजवळच्या आपल्या शेतावर कोंबड्या पाळू लागला. १९९७ मध्ये तो वारला.

बोथाने बॉसचं नाव पुसलं. आधी ‘राष्ट्रीय सुरक्षा विभाग’ आणि १९८० मध्ये ‘नॅशनल इंटेलिजन्स सर्व्हिस’. प्रमुखपदी ब्लूमफाँटेनचा जेमतेम तिशीतला राज्यशास्त्राचा प्राध्यापक नील बार्नार्ड. वजन आता लष्कर आणि पोलिसांकडे गेलं होतं. १९८० च्या दशकातले खून, सीमेपलीकडचे बॉम्ब हे मुख्यतः त्यांचे. रूथ फर्स्ट १९८२ मध्ये मापुटोत पार्सल बॉम्बने मारल्या गेल्या, ते काम सुरक्षा शाखेच्या माणसांचं. बार्नार्डची माणसं मात्र कागदावर हिशोब मांडत राहिली आणि बंदुकीने हे आटोपणार नाही या निष्कर्षाला आली. मे १९८८ पासून बार्नार्ड आणि त्याचे तीन सहकारी तुरुंगात मंडेलांना भेटू लागले. जुलै १९८९ मध्ये मंडेलांना गुपचूप बोथाच्या भेटीला नेलं, तेव्हा दाराशी मंडेलांच्या बुटांची नाडी नीट बांधलेली नाही हे बार्नार्डला दिसलं. हेरखात्याचा प्रमुख गुडघ्यावर बसला आणि त्याने ती बांधली. मंडेलांनी आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. सप्टेंबरमध्ये त्याच्या दोन अधिकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या हॉटेलात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे थाबो म्बेकी आणि जेकब झुमा यांची गाठ घेतली.

बार्नार्डला यासाठी श्रेय द्यावं, पण त्याच्या संस्थेचा पुढचा उद्योगही ध्यानात ठेवावा. सत्तांतर होणार हे नक्की झाल्यावर, १९९३ मध्ये, या संस्थेच्या मुख्यालयाने सहा ते आठ महिन्यांत सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केल्या. त्यासाठी प्रिटोरियातल्या पोलाद कारखान्याची भट्टी वापरली. डेस्मंड टुटू यांच्या सत्यशोधन आयोगाने हे नोंदवलं आहे. त्यामुळे बॉसवरचं कुठलंही पुस्तक हाती घेतलंत, तर लेखकाने पुरावा कुठून आणलाय ते आधी पाहा: न्यायालयातून, चौकशी आयोगातून, की एखाद्या निवृत्त हेराच्या तोंडून. झेड स्क्वॉडच्या गोष्टी सगळ्या तिसऱ्या जातीच्या आहेत.